दुसरा हात

१

दिवा लावायचा अवकाश, डाग दिसला. गाडीच्या नाकामागे, एसीच्या कंडेन्सरला, म्हणजे गॅस गार करणाऱ्या जाळीला, पाइप जोडतात त्या नटावर, पिवळसर हिरवा आणि ठसठशीत. अपघातातल्या गाड्यांपुढे वाकण्यात माझी निम्मी कंबर गेली, पण इतक्या शहाण्यासारखा आपणहून समोर येऊन उभा राहिलेला पुरावा मी क्वचितच पाहिला असेल.

एसीच्या गॅसबरोबर पाइपांतून थोडं तेलही फिरत असतं. काही गॅरेजवाले त्या तेलात एक रंग मिसळतात. साध्या उजेडात तो दिसत नाही, माझ्याकडे असते तशा जांभळ्या बॅटरीखाली मात्र चमकतो. गॅस जिथून सुटतो तिथून तेलाचा थेंबही बाहेर येतो आणि रंग चुगली करतो. इथे त्यानं चुगली केली होती.

"हा जोड कोणी केला?" मी विचारलं.

"मी." गॅरेजमालकाची धाकटी मुलगी माझ्या शेजारी उभी होती. घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणत. एसीचं काम गॅरेजात तीच करायची.

"आत रबरी रिंग नवी टाकली होती?"

तिनं हातातला पाना खाली ठेवला. "मी नेहमी टाकते, मॅडम. पण परवा नेमका तेव्हाच फोन आला. काल रात्रीपासून आठवून बघतेय. पाना हातात घेतलेला आठवतो, नट आवळलेला आठवतो. रिंग आठवत नाही."

आपल्या गळ्याला दोरी बसत असताना असं खरं बोलणारी माणसं मला आवडतात आणि त्यांचा रागही येतो. मी विमा कंपनीची सर्व्हेअर आहे. माझ्यापुढे लोक शपथा घेतात, रडतात, मेव्हण्याची ओळख काढतात. 'आठवत नाही' असं स्वतःच्या विरोधात कोणी सांगत नाही.

प्रकरण साधं नव्हतं. परवा धाकटीनं या भाड्याच्या गाडीचा फुटका कंडेन्सर बदलून गॅस भरून दिला. काल भर दुपारी तीच गाडी एका म्हाताऱ्या मास्तरांना डायलिसिस करून घरी नेत होती. पुलावर गाड्या अडकल्या, एसीतून गरम वारा यायला लागला आणि मास्तर मागच्या सीटवर बेशुद्ध पडले. आता ते अतिदक्षता विभागात होते. सुनेनं तक्रार केली होती, आणि इन्स्पेक्टरनं मला सकाळीच फोनवर बजावलं होतं, "संध्याकाळपर्यंत सांगा, मॅडम. जोड कच्चा असेल तर ज्यानं केला त्याला उचलतो."

ज्यानं नव्हे, जिनं. ती समोर उभी होती.

मी पुन्हा वाकले. डागाभोवती रस्त्याची बारीक धूळ बसली होती, नव्याकोऱ्या कंडेन्सरवर एका दिवसात बसावी तेवढीच. नखानं डागाचा कोपरा खरवडला आणि माझं नख तिथंच थांबलं.

आतून तेल आलं असतं तर धूळ त्यात भिजून चिखल झाला असता. इथे खाली कोरडी धूळ होती आणि रंग तिच्या वर होता.

२

यातलं मी धाकटीला काही बोलले नाही. कोणालाच बोलले नाही. गाडी काल संध्याकाळपासून गॅरेजातच होती आणि किल्ली काउंटरमागच्या खिळ्याला लटकत होती, म्हणजे घरच्या कोणालाही बॉनेट उघडता येत होतं. आणि गाडी आणून सोडणाऱ्या ड्रायव्हरलाही.

तो ड्रायव्हर गॅरेजच्या दाराशीच बसून होता. सगळे त्याला रेडिओ म्हणत. का, ते कळायला वेळ लागला नाही.

"मॅडम, मी तुम्हाला पहिल्यापासून सांगतो," असं म्हणून त्यानं खरोखरच पहिल्यापासून, म्हणजे गाडी विकत घेतल्यापासून सुरुवात केली. मी हात वर करून त्याला पुलावर आणलं.

"पुढे डांबराचं काम चाललेलं. काळा धूर. मास्तर म्हणाले, काचा वर घे. घेतल्या. एसी होताच ना. मग वारा गरम यायला लागला. मी म्हटलं, मास्तर, काच उघडू का? तर ते काही बोललेच नाहीत." त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मला वाटलं, झोपले. डायलिसिस झालं की झोपतात ते."

"किती वेळ झोपले असं वाटलं तुला?"

रेडिओ बंद पडला की आजूबाजूच्यांना चुकल्यासारखं वाटतं, तसं मला वाटलं.

"परवा गाडी घेऊन गेलास तेव्हा एसी कसा होता?"

"बर्फ. खरंच सांगतो. अंगावर काटा येत होता."

"आणि काल सकाळी?"

"गार होता."

"तितकाच?"

त्यानं टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. "थोडा कमी. मनात आलं होतं, परत दाखवून यावं. पण मास्तरांची वेळ चुकली असती. एवढ्या वर्षांत त्यांची वेळ कधी चुकवली नाही मी, मॅडम." मग एकदम अंगावर आल्यासारखा म्हणाला, "आणि मी कशाला गॅस सोडीन? माझ्या गाडीत बसलेला माणूस होता तो."

मी गॅस सोडल्याबद्दल विचारलंच नव्हतं. पण भेदरलेला माणूस न विचारलेल्याची उत्तरं आधी देतो, एवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्याच्याकडून मला हवं ते मिळालं होतं. गॅस एका दमात गेलेला नव्हता. तो परवा दुपारपासून हळूहळू गेला होता, म्हणजे गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर पडली तेव्हाच त्याला वाट मिळालेली होती.

"आणखी एक," मी विचारलं. "काल गाडी परत आणलीस तेव्हा बॉनेट कोणी उघडलं?"

"माझ्यासमोर कोणीच नाही. ताईंनी किल्ली घेतली. मला म्हणाल्या, तू हॉस्पिटलात जा."

३

ताई म्हणजे मालकाची थोरली मुलगी. गॅरेजचा काउंटर आणि वरच्या मजल्यावरचं घर, दोन्ही तिच्याच जिवावर चालत होतं. ती चहा घेऊन खाली आली. माझी बॅटरी बाकावर तशीच लागलेली राहिली होती. कप ठेवताना त्याच्या कानावर एक बारीक पिवळा ठिपका चमकून गेला. गॅरेजातल्या कपाला काय लागलेलं असेल आणि काय नसेल. मी चहा पिऊन टाकला.

"मास्तर कसे आहेत?" तिनं विचारलं.

"शुद्धीवर आलेले नाहीत."

तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं होतं, चक्कर असेल. उन्हाची." मग बहिणीकडे न बघताच म्हणाली, "धाकटीकडून चूक झाली असेल तर ती आम्ही नाकारणार नाही. पोरच आहे ती. पण गॅरेजचं नाव आण्णांचं आहे. तेवढं सांभाळून लिहा."

धाकटी तीन पावलांवर होती. तिनं ते ऐकलं आणि मान खाली घातली. मला ताईचा राग आला. सख्ख्या बहिणीची चूक इतक्या पटकन मान्य करणारी बहीण मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांचे वडील, आण्णा, मात्र बघताक्षणी आवडावेत असे होते. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट आणि त्या शर्टाचा फुगून लोंबलेला खिसा. चष्मा शोधायला त्यांनी खिशात हात घातला तर आधी दोन नट निघाले, मग पेन्सिलीचं थोटूक, मग एक वॉशर. चष्मा डोळ्यांवरच होता.

"माझ्या गॅरेजातून एका हातानं केलेली गाडी बाहेर जात नाही," ते म्हणाले. "कोणीही काम करो, माझा दुसरा हात लागल्याशिवाय चावी देत नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"दुसरा हात म्हणजे?"

"मी स्वतः गेज लावून बघतो. धाकटीवर विश्वास नाही म्हणून नव्हे हो. माझ्या वडिलांनी माझ्या कामावर हात ठेवला, मी हिच्या ठेवतो."

"परवा या गाडीवर ठेवला होता?"

"तर. प्रेशर चोख होतं. म्हणून तर मला कळत नाही." ते धाकटीकडे वळले. "रिंग विसरली असतीस तर मला तेव्हाच काटा उतरताना दिसला असता, बाळ."

"बारीक गळती लगेच दिसत नाही, आण्णा," धाकटी पुटपुटली.

"तुम्ही तेलात रंग घालता का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"छे. आत रंग घालणं मला मान्यच नाही. आमचा साबणाचा फेस आणि नायट्रोजनचा दाब. एक विक्रेता नमुन्याची बाटली देऊन गेला होता, पडली असेल कुठेतरी."

मी त्यांच्यापुढे जबाबाचा कागद धरला. त्यांनी माझं पेन घेतलं, ठसक्यात सही केली आणि पेन परत दिलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. इन्स्पेक्टर. "मास्तरांना श्वासाच्या मशीनवर घेतलंय," तो म्हणाला. "मी निघतोय. मुलीला कुठे जाऊ देऊ नका."

४

माझ्या हातात आता फार वेळ नव्हता.

या गॅरेजात रंग घालत नव्हते, पण गाडी याआधी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात गेली असेल आणि तिथे कोणी घातला असेल तर? तेही तपासता येत होतं. एसीच्या पाइपांना गॅस भरायला दोन तोंडं असतात. सायकलच्या ट्यूबला असतो तसा त्यांत एक छोटा व्हॉल्व्ह आणि वर घट्ट फिरवून बसवायचं टोपण. पुढचं तोंड हाताशी होतं. मी धाकटीला त्याचा व्हॉल्व्ह दाबायला सांगितला आणि पांढरं फडकं समोर धरलं. उरलासुरला गॅस फुसकन आला, बरोबर तेलाचा शिडकावा. मी त्यावर बॅटरी मारली.

फडक्यावर तेलाचा नुसता डाग होता. तो चमकला नाही.

धाकटीनं फडक्याकडे पाहिलं, मग जोडावरच्या हिरव्या डागाकडे. हुशार मुलगी. तिला सांगावं लागलं नाही.

"आत रंग नाहीच," ती हळू म्हणाली. "मग बाहेर कुठून आला?"

"बाटलीतून," मी म्हटलं. "कोणीतरी तुझ्या जोडाला काल बोट लावलंय."

तिला आनंद व्हायला हवा होता. तसं झालं नाही. "पण म्हणून जोड चांगला आहे असं होत नाही ना, मॅडम. कोणीतरी खोटा डाग लावला असेल, आणि तरीही रिंग मी विसरले असेन."

बरोबर होतं तिचं. खोटा पुरावा खऱ्या चुकीवरही लावता येतो. "नायट्रोजन आण," मी म्हटलं.

तिनं पुढच्या तोंडाला नळी लावली आणि दाब चढवला. सगळ्या जोडांवर साबणाचा फेस फासला. मग आम्ही दोघी गेजच्या काट्याकडे बघत उभ्या राहिलो. आण्णा खुर्चीवरून बघत होते. ताई काउंटरमागे कागद लावत होती, पण बराच वेळ एकच कागद तिच्या हातात होता. धाकटीचा श्वास मला ऐकू येत होता. काटा खाली सरकला तर ती गेली, आणि ते तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

तिच्या जोडावर एकही बुडबुडा आला नाही. दुसऱ्या कुठल्या जोडावरही नाही. मी मुद्दाम ठेवायचा त्याहून जास्त वेळ दाब ठेवला. काटा रेसभर हलला नाही.

गाडी कुठूनच गळत नव्हती. आणि तरी तिच्यातला गॅस नाहीसा झाला होता.

५

बंद खोलीतून माणूस नाहीसा झाला की आधी दारं मोजायची असतात. या खोलीला दारं दोनच. पुढचं तोंड, ज्याला आमची नळी लागली होती. आणि मागचं, इंजिनमागच्या कोपऱ्यात, पाइपाखाली हात वाकवून घालावा लागतो तिथे. त्यावर टोपण घट्ट बसलेलं होतं. फेस तिथेही लावला होता, बुडबुडा नव्हता.

मी पुढच्या तोंडाचं काढून ठेवलेलं टोपण उचललं. धूळ आणि तेल बसून काळं झालेलं, बोटांना चिकटणारं. मग वाकून मागचं पाहिलं. ते लख्ख होतं. दोन्ही टोपणं एका वयाची, एकाच गाडीवर वाढलेली, आणि एकानंच अंघोळ केलेली.

"हे तू बदललंस?"

"नाही," धाकटी म्हणाली. "परवा दोन्ही सारखीच घाणेरडी होती."

मी टोपण फिरवून काढलं आणि नाकाशी नेलं. आमच्या फेसाचा नव्हे, आतून कपड्यांच्या साबणाचा वास आला. गाडीच्या बॉनेटखाली मी पेट्रोल, जळकं रबर आणि एकदा मेलेला उंदीर हुंगलाय. धुतलेल्या कपड्यांचा वास कधी आला नव्हता.

"मॅडम," धाकटी म्हणाली. तिची नजर उघड्या व्हॉल्व्हवर होती. तिथे ओघळलेल्या फेसाचा एक बुडबुडा हळूच फुगत होता. फुटला. दुसरा फुगला.

तिनं दाब सोडला आणि व्हॉल्व्हची पिन काढली. रबरावर वाळूचा एक कण रुतला होता. त्यामुळे व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता. टोपण असलं की गॅस आत राहायचा, टोपण नसलं की रात्रभर हळूहळू बाहेर. सगळं त्या चिमूटभर टोपणावर अवलंबून होतं.

"आता तुझा जोड उघड," मी म्हटलं.

"मी?"

"हो, तूच."

तिनं नटाला पाना लावला. पहिल्यांदा तो घसरला. नट सुटला, पाइप बाजूला झाला. हिरवी रबरी रिंग आपल्या खाचेत नीट बसलेली होती, तेल लावून, कुठे चिमटलेली नाही. धाकटी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिथेच फरशीवर बसून रडली. मी तिला रडू दिलं. माझेही डोळे भरून आले होते, ते चष्म्यामुळे कोणाला दिसले नाहीत.

"नवी पिन टाक, गाडी पुन्हा बांध, गॅस भर," मी शेवटी म्हटलं. "मला गार झालेली बघायचीय."

एवढं टिपून ठेवावं म्हणून मी पेन काढलं. लिहून झाल्यावर टोपण लावायला गेले आणि हात तसाच राहिला.

माझ्या पेनाला टोपण नव्हतं.

६

ताई एव्हाना वर गेली होती. मी जिना चढले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचं गॅरेज पूर्ण दिसत होतं. ती खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. बाजूच्या कट्ट्यावर एक वाटी होती, तिच्यात नट, वॉशर, एक जुना फ्यूज.

"आण्णांचा खिसा धुवायच्या आधी तुम्ही रिकामा करता," मी म्हटलं.

"करावाच लागतो. मशीन मोडेल नाहीतर."

"काल सकाळी राहिला."

तिच्या हातातल्या शर्टाची घडी विसकटली.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा. परवा आण्णांनी गाडीवर दुसरा हात ठेवला. मागचं टोपण काढलं, गेज लावलं, प्रेशर चोख निघालं. गेज काढताना वाळूचा कण अडकला. तो फेसानं दिसला असता, पण ते फेस लावायला विसरले. आणि टोपण गेलं खिशात. काल सकाळी ते शर्टाबरोबर धुऊन निघालं. तुम्ही ते या वाटीत टाकलंत. दुपारी पुलावरची बातमी आली आणि तुम्हाला कळलं की ते कुठल्या गाडीचं आहे. संध्याकाळी गाडी आल्यावर तुम्ही ते परत बसवलंत आणि धाकटीच्या जोडाला रंग लावलात."

"कोणीही लावलं असेल टोपण."

"नमुन्याच्या बाटलीतला रंग हाताला लागला की साबणानं सहजी जात नाही. सकाळी तुम्ही आणलेल्या कपाच्या कानावर तो होता. ज्या गॅरेजात रंग वापरतच नाहीत, तिथल्या चहाच्या कपावर." मी बॅटरी काढली. "हात दाखवता, की राहू दे?"

तिनं हात दाखवला नाही. तो तिनं शर्टाखाली घेतला आणि खुर्चीवर बसली.

"डॉक्टरांनी फक्त मला सांगितलंय," ती म्हणाली. "विसर वाढत जाणार. आज टोपण, उद्या गॅसची शेगडी, परवा माझं नाव. गॅरेजात त्यांचा हात लागतो ना गाडीला, त्यावर जगताहेत ते. हे कळलं तर उद्यापासून खाली उतरणार नाहीत."

"आणि धाकटी?"

"तिला काय, ओरडा बसेल असं वाटलं. तरुण आहे, निभावून नेईल. मास्तरांचं इतकं होईल असं काल कुठे कोणाला माहीत होतं?"

"आज सकाळी तर कळलं होतं. मी सांगितलं तेव्हा."

तिनं शर्टाची विसकटलेली बाही सरळ केली.

"तिला रिंग आठवत नव्हती, ताई. रात्रभर ती स्वतःच्या हातांना दोष देत होती. तुम्ही एकच वाक्य बोलायचं होतं."

"बोलणार होते," ती म्हणाली. "आण्णा समोर होते."

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. इन्स्पेक्टर आला होता. ताई उठली आणि माझ्या आडवी आली. "मॅडम, वाळूचा कण लिहा. खराब व्हॉल्व्ह लिहा. तेही खरंच आहे की नाही? टोपणाचं नका लिहू. तुम्हालाही वडील असतील."

होते. पण ते मी तिला सांगितलं नाही. कण एवढंच लिहिलं असतं तर धाकटी सुटत होती, आण्णा वाचत होते आणि रेडिओही. माझी लेखणी तेवढी वाकली असती. पण उद्या या दारातून दुसरी गाडी जाणार होती आणि तिच्यात दुसरं कोणीतरी बसणार होतं. मी तिला हे म्हणायला तोंड उघडलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती खिडकीतून खाली बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

७

खाली धाकटीचं काम संपलं होतं. एसी सुरू होता. आणि आण्णा खुर्चीवरून उठून गाडीकडे निघाले होते, आपला दुसरा हात ठेवायला.

आम्ही जिना उतरेपर्यंत त्यांनी गेज लावलं होतं. त्यांचं काम बघत राहावं असं होतं. हात पाइपाखाली न बघता वाकला, नळी पहिल्या प्रयत्नात बसली, काट्यावर नजर, कानांवर इंजिन. इन्स्पेक्टरसुद्धा दारात थबकून बघत उभा राहिला. "चोख," आण्णा म्हणाले. त्यांनी नळी काढली, हात पुसले.

आणि टोपण खिशात टाकून ते खुर्चीकडे वळले.

धाकटीनं ते पाहिलं. मला काही बोलावं लागलं नाही, ताईलाही नाही. धाकटीच्या डोळ्यांसमोर सगळं एकामागून एक जुळत गेलेलं मला दिसलं. तिनं आधी आण्णांकडे पाहिलं आणि मग वळून ताईकडे. त्या नजरेसमोर ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच राहिली.

"काय झालं?" आण्णा म्हणाले. "सगळे असे काय बघताय?"

धाकटी त्यांच्यापाशी गेली, त्यांच्या खिशात हात घातला आणि टोपण काढून तळहातावर धरलं. बरोबर माझ्या पेनाचंही टोपण आलं.

आण्णांनी दोन्हींकडे पाहिलं. "हे माझ्या खिशात कसं?" ते म्हणाले. मग उघड्या व्हॉल्व्हकडे पाहिलं. मग खूप वेळानं, फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात, "परवाही?"

"हो, आण्णा."

ते खुर्चीत बसले. मी इतक्या लोकांना इतक्या वाईट बातम्या दिल्या आहेत, पण तो 'हो' म्हणायला त्या मुलीला जे धैर्य लागलं ते माझ्यात आहे की नाही, मला माहीत नाही. इन्स्पेक्टर पुढे आला. मी त्याला सगळं सांगितलं. टोपण, कण, डाग, आणि काल सकाळी कमी गार असूनही निघालेली गाडी. काही गाळलं नाही. ताईचं नाव आलं तेव्हा आण्णांनी डोळे मिटून घेतले.

"लिहा," ते म्हणाले. "मास्तरांच्या सुनेलाही मीच सांगेन. माझा हात होता."

सुनेला फोन करायची वेळ आली नाही, तिचाच माझ्या फोनवर आला. मास्तरांची मशीन काढली होती. डोळे उघडून त्यांनी पहिलं विचारलं ते रेडिओ कुठे आहे, त्यानं जेवण केलं का. मी फोन कानापासून दूर केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. दाराशी बसलेला रेडिओ तोंडावर टोपी धरून हमसून हमसून रडला. इन्स्पेक्टरनं तपास चालूच राहील असं सांगितलं, पण कोणाला बेड्या घातल्या नाहीत.

आण्णांनी शर्टाची बटणं सोडली. शर्ट काढून बनियनवर बसूनच त्यांनी तो ताईपुढे धरला.

"खिसा शिवून टाक," ते म्हणाले. "सगळ्या शर्टांचे."

ताईनं शर्ट घेतला. छातीशी धरला. "आण्णा, मी—"

"माझ्याशी नंतर बोल. आधी तिच्याशी."

पण धाकटी गाडीकडे वळली होती. तिनं व्हॉल्व्हवर फेस लावला, थांबून पाहिलं, पुसला आणि टोपण फिरवून घट्ट बसवलं. सवयीनं आण्णा खुर्चीतून अर्धे उठले. मग त्यांना आठवलं आणि ते परत बसले. नियम नियम होता. एका हातानं केलेली गाडी बाहेर जायची नव्हती, आणि दुसरा हात आता नव्हता.

धाकटीनं ताईकडे बघितलं. तिला माफ केलंय असं त्या बघण्यात काही नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "तू बघ. मी तुझ्याकडे बघते."

ताईनं शर्ट खांद्यावर टाकला आणि ती बॉनेटखाली वाकली. मी माझी बॅटरी लावून धरली. तिच्या उजेडात ताईचं पिवळं नख पाइपाखालून चाचपडत गेलं आणि टोपणावर थांबलं. तिनं ते फिरवून पाहिलं.

"घट्ट आहे," ती म्हणाली.

"पुन्हा बघ," धाकटी म्हणाली.

ताईनं पुन्हा बघितलं.